दुसरा अंतरा अडलाय, मैत्रिणीची मदत घेऊ का?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव छापू नये असं त्यांनी कळवलंय, म्हणून सारांश तेवढा देते.

त्या नोकरी सांभाळून गाणी लिहितात आणि चालीही स्वतःच लावतात. 'दार लोटलंय नुसतं, कडी लावली नाही' हा मुखडा त्यांना एका बैठकीत सुचला, पाठोपाठ पहिला अंतराही झाला. त्यात रात्रभर जळणारा दिवा आहे, जिन्यावरची पावलं आहेत, कुणी वर येतंय असं वाटून रोखलेला श्वास आहे. दुसरा अंतरा मात्र वर्ष उलटलं तरी येत नाही. वहीत कितीतरी खर्डे झाले. कुठे खिडकी, कुठे घड्याळ, कुठे छपरावर वाजणारा पाऊस. सगळे खोडलेले. 'नाही'शी यमक जुळवता जुळवता काही, ग्वाही, राही सगळं वापरून संपलं. मध्यंतरी त्यांनी हे गाणं एका जवळच्या मैत्रिणीला फोनवर गाऊन दाखवलं. ती पेटी वाजवते, लिहीत नाही. ऐकून ती म्हणाली, "पण लोटलेलं दार बाहेरून बंदच दिसतं ना गं? उघडं आहे हे त्याला कळणार कसं?" यांना ते आवडलं नाही. 'गाण्यात एवढं बघायचं नसतं' म्हणून त्यांनी विषय बदलला. मग तिने मुखडा गुणगुणून पाहिला, तर 'नुसतं' या शब्दावर भलतीच रेंगाळली. यांनी लगेच तिला सुधारलं. आता ती म्हणतेय, एक दिवस बसू आणि गाणं पुरं करू. यांना मोह होतोय आणि भीतीही वाटतेय. मदत घेतली तर गाणं आपलं राहील का? नावं कुणाची द्यायची? तिचं सुचवलेलं पटलं नाही तर मैत्रीत वाकडं येईल का? आणि सगळ्यात खोल गेलेला प्रश्न : दुसऱ्याच्या मदतीशिवाय एक अंतरा पुरा करता येत नसेल, तर मी गीतकार कसली?

प्रिय मैत्रीण,

बसा तिच्याबरोबर. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मदत घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं, मदत तुमच्यापर्यंत कधीच येऊन पोचली आहे. एकाच फोनमध्ये दोनदा आली. एकदा तुम्ही विषय बदललात, एकदा चूक सुधारलीत.

तिचा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. लोटलेलं दार बाहेरून बंदच दिसतं. तुमचा पहिला अंतरा सगळा घरातला आहे. दिवा आतला, जिन्याचा कानोसा आतून घेतलेला, श्वासही आतल्या बाईचा. आता खोडलेले खर्डे आठवा : खिडकी, घड्याळ, छपरावरचा पाऊस. वस्तू बदलल्या, पण गाणारी बाई उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. आतून सांगण्यासारखं जे होतं ते पहिल्या अंतऱ्यात सांगून झालंय, आणि चांगलं सांगून झालंय. म्हणून तर पुढचं प्रत्येक वाक्य तुम्हाला शिळं वाटलं आणि तुम्ही ते खोडलंत. तुमची प्रतिभा आटली असती तर हे खर्डे तुम्हाला आवडले असते. ते आवडले नाहीत, म्हणजे तुमचा कान शाबूत आहे.

तुमची मैत्रीण मात्र पहिल्यांदा ऐकतानाच दाराच्या बाहेर जाऊन उभी राहिली, आणि तिला तिथून एक बंद दार दिसलं. माझ्या मते तुमचा दुसरा अंतरा तिथे आहे. त्यात काय लिहायचं हे मी सांगणार नाही, सुचत असलं तरी नाही. ते तुमचं काम आहे आणि ते तुम्हाला जमेल.

दुसऱ्या अंतऱ्यापाशी अडणं हे गाणी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं, आणि त्याला कारण आहे. मुखडा एक गोष्ट सांगतो. पहिला अंतरा ती उलगडतो. दुसऱ्या अंतऱ्यात काहीतरी हलावं लागतं : काळ बदलतो, जागा बदलते, बोलणारं माणूस बदलतं, नाहीतर ज्याच्याविषयी बोलत होतो त्याच्याशीच थेट बोलणं सुरू होतं. हललं की तोच मुखडा परत आल्यावर वेगळा ऐकू येतो. हललं नाही तर दुसरा अंतरा पहिल्याची जोडप्रत होतो. हे लिहिणाऱ्याला आपलं आपण दिसणं अवघड असतं, कारण त्याच्या डोक्यात सगळी गोष्ट आधीच पुरी असते. दार उघडं आहे हे तुम्हाला माहीत आहे. ऐकणाऱ्यापाशी फक्त गायलेले शब्द असतात. त्या शब्दांत कुठे खिंडार आहे ते त्याला सहज दिसतं, त्यासाठी त्याला काव्याची जाण असायलाच हवी असं नाही.

आता 'नुसतं'बद्दल. तुम्ही लिहिलंय की गाणं केरवा तालात आहे आणि त्या शब्दावरून तुम्ही चटकन पुढे जाता, कारण जोर 'कडी'वर हवा. आठ मात्रांच्या आवर्तनात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, काय ठेवायचं हा तुमचा अधिकार आहे. पण एक करून बघा. चाल बाजूला ठेवा आणि ती ओळ कुणालातरी सांगितल्यासारखी नुसती बोला. 'दार लोटलंय नुसतं.' मराठीत असा शब्द वाक्याच्या शेवटी नेऊन ठेवला की आवाज आपोआप त्याच्यावर टेकतो. तुमची मैत्रीण तिथे टेकली. बोलण्यात ओळ जशी येते तशी तिने गायली, आणि त्या रेंगाळण्यात एक असहायपणा आला असेल : याहून जास्त मला काही करता आलं नाही, असा. 'कडी'वर जोर दिला की ओळीत ठामपणा येतो, 'नुसतं'वर दिला की कबुली येते. दोन्ही चालतील. पण तुमच्या गाण्याला कुठलं हवंय हे ठरवायच्या आधीच तुम्ही तिला थांबवलंत.

दुसऱ्याच्या तोंडी आपली चाल चुकते तेव्हा ती चूक कामाची असते. एकतर तिथे शब्दाचा बोलण्यातला कल आणि चालीचा कल जुळत नाहीये, किंवा स्वरांची वाट आठवणीत राहण्याइतकी सरळ नाहीये. आणखी एक शक्यता अशी, की ऐकणाऱ्याच्या मनाने तिथे तुमच्यापेक्षा बरं काही घडवलंय. तिन्ही गोष्टी कळाव्यात म्हणून तरी चुकू द्यायचं.

'नाही'च्या यमकाचंही बोलते, कारण हा फास तुम्ही स्वतःच आवळून घेतलाय. ग्वाही आणि राही हे शब्द तुमच्या गाण्याच्या बोलीत बसतच नाहीत. लोटलेल्या दाराची भाषा घरगुती आहे, त्यात 'राही' आला की परका पाहुणा आल्यासारखं होतं. गझल लिहिणारे काय करतात ते बघा. शेवटचा शब्द ते तसाच ठेवतात, तो रदीफ, आणि यमक त्याच्या आधीच्या शब्दाला लावतात, तो काफिया. तुमच्या ओळीत 'नाही' तसाच राहू द्या आणि 'लावली'शी जुळवा. सावली नाही, मावली नाही, धावली नाही, पावली नाही. बघा केवढं आवार मोकळं झालं, आणि सगळे शब्द घरातलेच. गझल लिहायची नाहीये, हे मला ठाऊक आहे. पण परतीच्या ओळीपुरती, म्हणजे अंतरा संपून मुखड्याला जोडणाऱ्या ओळीपुरती, ही युक्ती फार उपयोगी पडते.

आता तुमची भीती. मदत म्हणजे मैत्रीण तुम्हाला ओळी देणार, असं तुम्ही धरून चाललाय. मला ते तसं दिसत नाही. ती लिहीत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मित्राच्या मदतीने गाणी सुटल्याच्या ज्या गोष्टी मला ठाऊक आहेत, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींत मित्राने एक शब्दही लिहिलेला नाही.

'इजाजत' (1987) मधल्या 'मेरा कुछ सामान'ची आठवण संगीताच्या गप्पांत नेहमी निघते. गुलजारांनी शब्द आणून दिले, आणि त्या मुक्त ओळींना चाल कशी लावायची या विचाराने राहुल देव बर्मन वैतागले. उद्या वर्तमानपत्राचे मथळे आणून चाल मागशील, असं त्यांनी ऐकवलं. आशा भोसले शेजारी बसल्या होत्या. त्यांनी त्यातले दोन-तीन शब्द सहज गुणगुणले आणि बर्मनांनी तो धागा पकडला. चाल त्यांचीच, शब्द गुलजारांचेच. पण समोरच्या कागदात गाणं आहे हे त्या गुणगुणण्याने दाखवून दिलं. त्या क्षणी बर्मन जर म्हणाले असते, 'असं नाही, थांब, मी सांगतो कसं,' तर काय झालं असतं याचा विचार करा. तुमच्या फोनवर जवळजवळ तेच घडलंय.

दुसरी गोष्ट 1968 ची. 'बीटल्स' या इंग्लिश बँडमधल्या पॉल मॅकार्टनीने 'हे ज्यूड' हे गाणं नवं नवं असताना त्याच बँडमधल्या जॉन लेननला वाजवून दाखवलं. त्यात खांद्याचा उल्लेख असलेली एक ओळ होती, ती जागा भरण्यापुरती घातलेली. ही मी बदलणार आहे, असं मॅकार्टनी म्हणाला. लेननने सांगितलं, बदलू नकोस, ती गाण्यातली सगळ्यात चांगली ओळ आहे. ती राहिली. 'राहू दे' म्हणणारा माणूस शेजारी असणं हीसुद्धा मदतच, आणि मला तर वाटतं सगळ्यात दुर्मिळ मदत ती. तुमच्या खोडलेल्या खर्ड्यांत अशी एखादी ओळ पडून असेल. वही नेताना खोडलेली पानंही न्या.

मग गाणं कुणाचं? तिच्या प्रश्नामुळे तुम्हाला वाट सापडली आणि अंतरा तुम्ही लिहिलात, तर गाणं तुमचं. यात मनात किंतू ठेवायचं कारण नाही. प्रश्न तिचा होता, पण त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. भारतासह अनेक देशांच्या कायद्यांतही शब्द आणि चाल या दोन वेगळ्या कृती मानतात, आणि नुसत्या कल्पनेवर किंवा सूचनेवर मालकी धरत नाहीत. प्रत्यक्ष उतरलेल्या रूपावर धरतात. पण तिने सुचवलेली ओळ जशीच्या तशी गाण्यात राहिली, तर ती सहगीतकार झाली. चालीचा तुकडा तिचा असेल तर चालीत तिचं नाव. मग ती 'अगं राहू दे गं, दोन शब्द तर आहेत' म्हणाली तरी द्यायचं. लेनन आणि मॅकार्टनी यांनी फार आधी ठरवून टाकलं होतं की कुणी कितीही लिहिलं तरी नावं दोघांची लागतील. तुम्ही एवढं करावं असं मी म्हणत नाही. पण बसायच्या आधी एकदा स्पष्ट बोला आणि गाणं पुरं झालं त्याच दिवशी काय कुणाचं ते एका मेसेजमध्ये लिहून ठेवा. पैशाचा संबंध नसला तरी लिहा. 'ती ओळ माझी होती' हे वाक्य फार उशिरा उच्चारलं गेलं की मैत्र्या तुटतात, आणि तोवर दोघींनाही खरं काय ते आठवत नसतं.

खरा गीतकार एकटाच लिहितो, या तुमच्या समजुतीला मात्र मी फार वेळ देणार नाही. गाण्यात शब्द असतात, चाल असते, ताल असतो, गळा असतो. ही चीज मुळात अनेकांच्या हातून जाणारी आहे. एकट्याने लिहिलेलं गाणंही कुणी ऐकलं तरच गाणं होतं. तुमचा श्रोता जरा लवकर आला, एवढंच.

बसाल तेव्हा रेकॉर्डिंग पाठवू नका, समोर बसून गा. एकट्याने शंभरदा गायलेलं गाणं दुसऱ्यापुढे गाताना आपल्यालाच वेगळं ऐकू येतं. जिथे तुम्ही घाई कराल, डोळे चुकवाल, तिथे काहीतरी कच्चं आहे. गाण्याआधी पार्श्वभूमी सांगायचा मोह होईल. तो टाळा. पुरं झाल्यावर 'कसं वाटलं?' असंही विचारू नका, त्याला 'छान'शिवाय उत्तर नसतं. विचारा, 'तुला यात काय घडताना दिसलं?' तिने सांगितलेली गोष्ट आणि तुमच्या मनातली गोष्ट यांत जिथे फरक पडेल तिथे पेन ठेवा. मग तिला गायला लावा, कागदाशिवाय. ती काय विसरते, कुठे वेगळं वळते, कुठे रेंगाळते ते फोनवर टिपून ठेवा आणि तोंड बंद ठेवा. हे शेवटचं सगळ्यात जड जाईल.

अडलेल्या अंतऱ्याच्या चालीवर सुरुवातीला अर्थाचे शब्द नकोत. ती पेटीवर चाल वाजवेल, तुम्ही येतील ती अक्षरं गा. वरच्या षड्जापाशी, म्हणजे वरच्या 'सा'पाशी, गळ्याला 'आ' किंवा 'ए' हवासा वाटतोय की 'ई' चालतोय, हे आधी कळलं की पुढे शब्द निवडताना अर्धी मारामारी वाचते. कित्येकदा अंतरा अडतो तो अर्थामुळे नसून वरच्या स्वरावर एखादं मिटलेलं, ऱ्हस्व अक्षर येऊन बसल्यामुळे. हे पेटी वाजवणाऱ्या माणसाला चटकन कळतं. तुमची मैत्रीण इथे नक्की कामाला येईल.

तिचं पटलं नाही तर? आधीच ठरवा की बसलेल्या दिवशी कुठलाच निर्णय घ्यायचा नाही. जे सुचेल ते दोन्ही प्रकारे गायचं, टिपायचं, आणि काही दिवसांनी पुन्हा ऐकायचं. असं केलं की नकार तिला द्यावा लागत नाही, ऐकल्यावर तो दोघींनाही दिसतो. आणि तरी द्यावा लागलाच तर गाण्यातलं कारण द्या. 'हे मला नको' यापेक्षा 'ही बाई असं बोलणार नाही' हे ऐकायला सोपं जातं, शिवाय गाण्यातल्या बाईबद्दल दोघींनाही थोडं जास्त कळतं.

एक नाजूक गोष्ट. 'त्याला कळणार कसं?' हा प्रश्न तुम्हाला खटकला. नुसत्या तर्काचा प्रश्न असता तर तुम्ही हसून सोडून दिला असतात. हे गाणं कुणावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी विचारत नाही. मैत्रिणीला सांगायलाच हवं असंही नाही. पण तो प्रश्न गाण्यापलीकडे कुठेतरी लागला असेल, तर वर्षभर अंतरा का येत नव्हता हेही त्यातून कळतं. जे लिहायचं होतं तिकडे बघायचंच नव्हतं, म्हणून खिडकीकडे आणि घड्याळाकडे बघणं चाललं होतं. गाण्यातल्या बाईला उत्तर देऊ द्या. तुम्हाला स्वतःला काही करायचं की नाही, हा वेगळा विचार आहे, आणि गाणं पुरं करण्यासाठी तो आधी सोडवावा लागत नाही.

याच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठीही थोडं. ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, असा मित्रही चालतो. उलट प्रश्न विचारायला तो बरा, कारण त्याला मुखडा-अंतरा माहीत नसतो, त्याला गोष्ट हवी असते. काही मित्र मात्र टाळा. प्रत्येक गोष्टीला 'वा' म्हणणारा काही उपयोगाचा नाही, आणि ऐकता ऐकता तुमचं गाणं स्वतःच्या गाण्यासारखं करू लागणारा त्याहून वाईट. तो गेल्यावर तुम्हाला तुमची मूळ चाल आठवत नाही. गाणं अगदी कोवळं असेल, मुखडासुद्धा धड बसलेला नसेल, तर कुणालाच दाखवू नका. काही काळ ते एकट्याने सांभाळायचं असतं. तुमचं गाणं त्या अवस्थेतून केव्हाच बाहेर पडलंय, म्हणून तुम्हाला मी बसा म्हणते.

आणि बसूनही अंतरा आला नाही तर? एकाच अंतऱ्याचं गाणं हेही पुरं गाणं असतं. मुखडा, अंतरा, पेटीवरचा एक लांब तुकडा, आणि परत मुखडा, या वेळी 'नुसतं'वर रेंगाळून. तेही तिच्याबरोबर गाऊन बघा. कदाचित तेवढंच हवं असेल. नसेल, तर नक्की कुठे उणं पडतंय ते त्या वेळी दोघींच्या कानांना कळेल, आणि पुढच्या बैठकीला तिथूनच सुरुवात करा.